सतरावा

नेरिसच्या दाराला घंटा नाही.
पाटीच्या दगडाचा एक तुकडा टांगलाय, त्यावर खडूनं : हळू वाजवा.
मी हळू वाजवलं.
आतून भुंकणं आलं नाही. किटलीची शिट्टी आली,
आणि तिच्यामागून फरशीवर नखांची टिकटिक,
येता येता मध्येच थांबलेली.

"हा सतरावा," नेरिस म्हणाली.
"नाव?"
"नाव मी ठेवत नाही. नाव ठेवलं की जीव अडकतो.
आणि नावंही ठेवत नाही कुणाला,
ज्यांनी याला खाणीच्या रस्त्यावर सोडलं त्यांनासुद्धा.
असेल त्यांचंही काही."

टेबलाखाली गव्हाळ, दाढीवाला,
वय जेमतेम वर्षाचं, चेहरा निवृत्त मास्तरांचा.
मला खरं तर भुंकणारा हवा होता.
फेस्टिनिओगच्या वर, शेवटच्या थांब्याच्याही पुढं माझं घर;
सत्तावीस वर्षं बस चालवली, आवाजात जगलो,
आता घरात फक्त फ्रिज बोलतो.

तो आला. हात हुंगला नाही.
माझ्या बुटावर हनुवटी टेकवली,
जणू बूट कधीपासून त्याचाच,
आत पाय माझा होता, एवढंच.

विजेच्या बिलामागं नेरिसनं लिहून दिलं :
झाडू दिसला की कोचामागं जातो. ओढू नका, झाडू लपवा.
जेवताना त्याच्याकडं बघायचं नाही.
टेरियर आहे, उकरणारच.
याच्या पणज्यांनी कोल्ह्यांच्या बिळात उड्या टाकल्या,
हा बिचारा उशांवर भागवतो.
शेवटची ओळ खोडलेली.
खिडकीशी धरली तेव्हा उजेडात दिसली :
रात्री, डाव्या कानामागं, झोप लागेपर्यंत.

दोन सह्या, लसीचे पैसे.
इतकंच असतं का, मला वाटलं.
मग तिनं अंगातलं तपकिरी स्वेटर काढलं,
एक बटण नसलेलं, आणि टोपलीत घातलं.
बाहेर बर्फ पडू की नको करत होतं.
"फाटकापर्यंत येत नाही हं, भांडी पडलीत."
सिंक कोरडं होतं.

गाडीत तो मागच्या काचेशी उभा राहिला
दगडांचे ढिगारे संपेपर्यंत,
मग बसला. मीही रेडिओ लावला नाही.

तीन दिवस तो स्वेटरात, फक्त नाक बाहेर.
चौथ्या दिवशी त्यानं माझे सगळे लीक उकरले,
वर्षभराची मेहनत, रांगच्या रांग.
मी ओरडायला तोंड उघडलं
आणि नाकावरचा मातीचा गोळा बघून तसंच मिटलं.
दुकानात आयव्होर विचारतो, नाव काय याचं?
सतरावा, मी सांगतो.
मागचे सोळा कुठायत, तो हसतो.
मला काय माहीत. माझ्यासाठी हा पहिलाच आहे.

रविवारी नेरिसला फोन लावला, झाडूचं निमित्त करून.
फोन स्पीकरवर होता.
तिचा आवाज आला तसा हा उठला,
फोनच्या मागं जाऊन बघितलं,
टेबलाखाली, पडद्यामागं,
दार नाकानं ढकलून जिन्यातसुद्धा.
तिकडून तिच्या पलीकडं कुणीतरी बारीक कण्हत होतं.
"अठरावी," नेरिस म्हणाली. "काल रात्री आली. एक पाय नाही."
मग थोडा वेळ काहीच नाही.
"डावा कान..."
"हो. रोज."
"ते मी खोडलं होतं."
"हो," मी म्हणालो. "नीट खोडलं नव्हतंस."

हसली बहुतेक. का नाक ओढलं. फोनवर सारखंच ऐकू येतं.

जिन्यातून तो परत आला, सावकाश,
सगळं शोधून झालेल्या माणसासारखा.
बूट दाराशी होते, ओले, रिकामे.
त्यांना ओलांडून पुढं आला
आणि हनुवटी माझ्या मोज्यावर ठेवली.
एक कान अजून फोनकडं.
डावा.