तीन पडला तर

अर्ध्या रियालला घेतलेला लुडो.
पट फाटला, सोंगट्या पलंगांखाली गेल्या,
उरला फासा.

सोहारच्या कॅम्पात, खोली एकशे अकरा.
पलंग सहा, माणसं सहा.
दर शुक्रवारी नमाज-जेवण उरकलं की
बादली पालथी घालून तिच्यावर टाकायचा.
ज्याचा आकडा, त्याने संडास घासायचा.
मी टाइमकीपर, म्हणून वही माझ्याकडे.

गंगाराजमचा चार
अकरा शुक्रवार पडला नाही.
"करीमनगरच्या मारुतीची कृपा," तो म्हणे.
"आता तुझाच," बाकीचे म्हणत, दर वेळी.
मी वहीमागे गणित केलं:
सहात पाच, अकरा वेळा गुणून
शंभरात तेरा-चौदा.
कॅम्पात दोनशे खोल्या. प्रत्येकीत फासा असता
तर सव्वीस-सत्तावीस चार नंबरवाले
आज असेच कोरड्या हातांनी बसले असते
आपापल्या देवाचे आभार मानत.
आणि बारावा?
बाराव्याला सहात एक, पहिल्यासारखाच.
फाशाकडे वही नसते.
गंगाराजम दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

तीन नंबर याकूब होडेकर, दाभोळचा.
बावन्न शुक्रवारांत चौदा वेळा तीन.
यायला हवे आठ-नऊ.
मी म्हटलं, बावन्न म्हणजे काहीच नाही,
हजार वेळा टाक, मग बघ, सगळ्यांचं सारखं होत जातं.
ब्रश झटकत तो म्हणाला,
"हजार शुक्रवार म्हणजे किती वर्षं रे?"
मी भागाकार केला. एकोणीस, वर थोडे.
"मला इथं बावीस झाली," तो म्हणाला.
"कुठं झालं सारखं?"

मार्चमध्ये त्याचा व्हिसा संपला, कंपनीने वाढवला नाही.
गादी गुंडाळून पलंगाच्या डोक्याशी ठेवली.
माणसं पाच, फासा सहाचाच.
ठरलं, तीन पडला तर पुन्हा टाकायचा.
म्हणजे प्रत्येकाला पाचात एक.
हे कुणाला समजावावं लागलं नाही.
तीन पडे,
कुणीतरी "होडेकर" म्हणे,
आणि फासा उचलायला
जरा वेळ लागे.

जूनमध्ये गोपालगंजचा इरशाद आला.
वय बावीस, बूट एक नंबर मोठे.
गादी सोडली, झटकली, झोपला.
पहिल्याच शुक्रवारी
तीन.
सवयीने माझा हात पुढे गेला.

"मेरा ना?" म्हणत
त्याने फासा माझ्या तळव्यावर ठेवला
आणि बादली सुलटी केली.