बरगा नंबर सत्तावन्न

मे संपत आला. बंधाऱ्याचे बरगे काढून
शिंगणापूरच्या काठावर रचलेत, एकावर एक,
दोनशे चाळीस लोखंडी फळ्या,
पोटाला वाळलेलं शेवाळ, पाठीला करडा रंग.
खांबांच्या रिकाम्या खाचांतून नदी
आता कुणाला न विचारता जाते.

हमी पाच वर्षांची. चौथं चाललंय.
म्हणजे नापास झाले तर नरसगोंडा ठेकेदार
फुकटात रंगवून देणार,
आणि ते फुकट अखेर कुणाच्या हजेरीतून निघणार
हे दस्तगीर शिकलगारला माहीत आहे.
तो पाण्यात बुडवलेलं पोतं घेऊन शेवाळ पुसतो
आणि माझ्या तोंडाकडे बघतो. यंत्राकडे नाही.
पास-नापास भुवईत आधी उमटतं, आकडा मागनं येतो.

दोनशे दहा मायक्रॉन. दोनशे पाच. दोनशे तीस.
छान.
कडेला नव्वद. एके ठिकाणी साठ.
कडेवर रंग कधी थांबत नाही,
ओला असतानाच सपाटीकडे सरकतो;
पंगतीतल्या टोकाच्या पानाला
नुसता मटणाचा वास मिळावा तसं.
"कडेला एक हात जादा मारायचा ठरलं होतं."
"मारला की ओ सायेब. उन्हानं पिला."
ऊन रंग पीत नाही. मी लिहून घेतो.

सत्तावन्न नंबरवर बोट अडलं.
डोळ्याला काही नव्हतं, बोटाला होतं:
भाकरी फुगायच्या आधी
पापुद्र्याखाली वाफ हलते, तेवढंच.
ब्लेडनं फुली मारली. चिकटपट्टी दाबली.
झटक्यात ओढली.

रंग सायीसारखा अख्खा आला.
खाली लाल प्रायमर, आणि प्रायमरवर गंज,
पण कसा? पसरलेला नाही.
एक उभी रेघ, एक काना, मग एक गाठ,
वळण घेत, शिस्तीत, शाळेतल्या पोरासारखा.
पापुद्रा उलटा केला.
त्याच्या पाठीवर पांढऱ्या खडूनं,
आरशात दिसावं तसं उलटं,
माझ्या अक्षरात:
पास.

मी जरा वेळ नदीकडे बघितलं.
दस्तगीर वाकला, बघितलं, पोतं पिळलं.
"मी इचारलं हुतं तवा, पुसू का म्हणून.
तुम्ही म्हटलासा, असू दे,
कुठला बघितलाय ते कळाय पायजे."

कळलं.

अहवालात रकाना आहे: दोषाचं कारण.
'दोन थरांमध्ये परका पदार्थ.'
पुढचा रकाना अरुंद आहे, त्यात नाव बसवावं लागतं.
माझं आडनाव लांब. तरी बसवलं.
फोनवर नरसगोंडा म्हणाला, सायेब, डोकं ठिकाणावर हाय न्हवं?

शंभरात दहा तपासायचे, असा नियम होता.
म्हणजे असल्या चोवीस फळ्या.
आता मी डोळे मिटून बोट फिरवतो,
आणि सापडली की दस्तगीर
उसाच्या पाल्याची गाठ मारतो कडीला.
खडू खिशात आहे. काढत नाही.

कारखान्याचा भोंगा झाला, पाखरं परतली.
एकोणीस गाठी झाल्या.
पाच अजून सापडत नाहीत.
"किती घासायचं ह्यास्नी?" तो विचारतो.
लोखंड पांढरं दिसेपर्यंत, म्हणतो मी,
आणि विसाव्यासाठी पुढच्या फळीवर हात ठेवतो.