उतारा

शुक्रवार पेठेतल्या भाड्याच्या खोलीत
आनंदानं खिळ्यानं ओढलेली रेघ आहे :
एकोणीस सालचं पाणी इथवर.
खाली वीतभर, एकवीसचं.
मालक दर दिवाळीला रंग काढतो,
रेघ दर आषाढात वर येते.

म्हणून उंचावर घर.
पाचगाव, की कळंबा.
मधे एक रस्ता, त्याच्या अलीकडं एक ग्रामपंचायत,
पलीकडं दुसरी; खड्डा मात्र सामाईक,
दोघींतल्या कुणीच न बुजवलेला.

पाचगावात सातापा एजंट म्हणाला, वारं बगा की वैनी.
वारं होतंच. पदर धरून ठेवावा असलं.
नळ फिरवला तर आतनं नुसता सुस्कारा.
"चार दिवसाआड येतंय. टँकर हाय की."
पुराला भ्यालेली आम्ही माणसं
टाकी किती लिटरची, विचारत उभी.

कळंब्यात तलाव. नळ सोडला तर आधी तांबूस, मग नितळ.
साडेचार लाखांनी महाग.
आनंदानं मोबाईलवर हप्ता काढला,
पुन्हा काढला,
मग माझ्या मोबाईलवर काढला.

रात्रपाळीत मी केसपेपरच्या मागं दोन रकाने आखले.
शाळा. बस. फौंड्रीला किती मिनिटं.
अंधारात बाईमाणूस एकटं चालत येईल का.
पहाटे तो कागद कुणाच्या तरी बेडला गेला,
बहुतेक अकरा नंबरच्या.

रविवारी आत्तींना दाखवायला नेलं.
पाचगावात त्यांनी जिना मोजला, अठ्ठावीस पायऱ्या,
गुडघ्यावर हात ठेवून. बोलल्या नाहीत काही.
कळंब्याच्या वाटेवर रिक्षावाला चुकला,
तर मागनं म्हणाल्या :
डावीकडं घे. चिंचंखालनं.
फुडं रसाचा गाडा लागंल,
तितनं भिंत धरून सरळ.

गाडा होता. चिंच निम्मी तोडलेली.
आणि भिंत, जेलची,
रिक्षाबरोबर बराच वेळ चालत राहिलेली.

आनंदानं माझ्याकडं बघितलं नाही.
थोरल्या दिरांचं नाव आमच्यात निघत नाही.
तीन वर्षं आत होते. सुटले ते सुरतेला गेले.
हा एकदाही भेटायला गेला नव्हता.
त्या तीन वर्षांत दर मंगळवारी आत्ती
टेंबलाईला जाते म्हणून निघायच्या,
दुपार कलल्यावर यायच्या, पाय धुळीनं भरलेले,
आणि प्रसाद विसरलेल्या.
आम्ही हसायचो त्यांच्या विसरण्याला.

फ्लॅट चांगला होता. ओट्याला काळा ग्रॅनाईट.
स्वयंपाकघराची खिडकी आत्तींनी उघडली,
समोर पहाऱ्याचा मनोरा.
खिडकी लावली नाही त्यांनी.
नळाखाली ओंजळ धरली, प्यायल्या,
उरलेलं तोंडावरनं फिरवलं.
"पाणी गोडच हाय हितलं."

खाली सातापानं सातबारा पसरला.
सात नावं, एकाला कंस.
कंस म्हंजे त्यो हिश्श्यातनं गेला, तो समजावत होता,
नाव ऱ्हातंय, वाचायला येतंय, हक्क न्हाई.
आनंदा त्या कंसावर बोट ठेवून
गरजेपेक्षा जास्त वेळ वाचत होता.

"आई, मग कुठलं?"
"उंचावरचं घ्या," म्हणाल्या,
अठ्ठावीस मोजलेली बाई.
"पाणी काय, भरून ठेवता येतंय."

निघताना माझी बाटली घेऊन परत वर गेल्या
आणि त्या नळाला भरून आणली.
रिक्षात मांडीवर धरून बसल्या.
त्या बाटलीचं झाकण नीट बसत नाही,
मी सांगणार होते.
पाचगावचा चढ लागला तसं लुगडं भिजत गेलं,
आधी रुपयाएवढं, मग ताटाएवढं.
आनंदा पुढं बसून सातापाला फोनवर विचारत होता,
टाकी हजारची, का दोन हजारची.