कळ

सकाळी सहाला अंधारच असतो, लुंडच्या नोव्हेंबरात.
सायकलला कुलूप लावते, गारठलेली बोटं काखेत धरते,
तळघरात उंदरांच्या खोलीत शिरते.
एकतीस वर्षं हेच.
शेपटी धरून एकेक मादी उचलायची,
रात्रीची खूण शोधायची,
सापडली तर पाटीवर लिहायचं:
आज दुपारी बारा वाजता, वय अर्धा दिवस.

आठवडाभरात तो जीव
पिवळ्या पिशवीच्या भिंतीवर लाल ठिपके जमवतो.
हृदयाचा पत्ता नाही अजून,
रक्त मात्र येऊन बसलेलं,
नाटकाला तासभर आधी येणाऱ्या
म्हाताऱ्यांसारखं.

पण ते कामचलाऊ.
मुरलेलं, जन्मभर पुरणारं, साडेदहाव्या दिवशी निघतं,
पाठीतल्या महारोहिणीच्या तळभिंतीतून.
कालपर्यंत वीट असलेली एक पेशी
जरा फुगते, पाठ वाकवते,
शेजारणींचे हात सोडते
आणि प्रवाहात उतरते.
पुन्हा भिंत होत नाही.

तिला हे कोण सांगतं?
एक जनुक, एस्किल म्हणायचा.
आणि जनुकाला?
मग तो फळ्यावर रेघ ओढायचा, पार खिडकीपर्यंत,
टोकाला एक टिंब. इथे. इथे कळ आहे.
दिवा माजघरात, कळ परसात,
मध्ये हजारो अक्षरांचं रान, जिथे कुणी राहत नाही.
रान दुमडतं, तेव्हा कळ दिव्याच्या कानाशी येते.
हे त्यानं मफलरची घडी घालून दाखवलं होतं,
कँटीनमध्ये, दालचिनीच्या पावाचे कण सांडत.

तीन वर्षं लागली ती कळ खोडायला.
दोनशे बारा अक्षरं.
आता पोरं पांढरीफटक निघतील, तो म्हणाला,
यकृत मेणासारखं,
तेरावा दिवस बघणार नाहीत.
आणि आपण छापू.
आपण, म्हणाला.
माझं नाव आभारात असतं, खालून दुसऱ्या ओळीत.

गुरुवारी मी कापलं. साडेतेरा दिवस.
आठ भ्रूण, माळेत ओवल्यासारखे.
आठही लाल.
प्रत्येकाच्या पोटात डाळिंबाच्या दाण्याएवढं यकृत,
तितकंच रसरशीत.
एस्किलनं एकेक बशी भिंगाखाली सरकवली,
मग पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळी जेलवर पट्ट्या उमटल्या.
तिसरा आणि सातवा: कळीचा मागमूस नाही,
ना आईकडून आलेल्या दोरीवर, ना बापाकडून.
आणि तरी लाल.
त्या दिवशी पांढराफटक पडला तो एस्किलच.

दुसरी कळ असणार कुठेतरी, तो म्हणाला खूप वेळानं.
आणि तिसरी.
माझी आई घराची एक चावी कुंडीखाली ठेवायची,
एक शेजारच्या गुनवोरकडे,
आणि एक कुठे,
ते तिच्या मागे घर विकलं तरी सापडलं नाही.
मी त्याला हे सांगितलं. तो हसला नाही.
तीन वर्षं, म्हणाला.

मी त्याला कॉफी ओतून दिली.
मनातून मला बरं वाटत होतं, हे लपवलं.
प्रयोग फसला होता, कारण पोरं जगली होती.

जगली म्हणजे
माझ्या कात्रीपर्यंत.

सातवं आठवतं मला, आधी नंबरही ठाऊक नव्हता तेव्हाचं.
बर्फावरच्या बशीत त्याचं हृदय
थांबत थांबत चाललं होतं,
दर ठोक्याला लाल रेघ पुढे ढकलत,
जायला कुठेही जागा नसताना.
बाकीची सात आवरून झाली
तरी मी भिंगाचा दिवा मालवला नाही.

छातीत बारीकशी कळ आली.
कुणी दाबली, कुठून,
एस्किलला विचारलं नाही.