बाजूची पायरी

फत्तेगंजात, कॅम्पाच्या जुन्या हद्दीत,
पाद्रीबंगला मोजायला गेले
तेव्हा फीत शून्याशी धरायला इलियास होता
आणि वहीत नऊ रकाने.

भिंती दोन फूट तीन इंच. वीट आणि चुना.
तुळया डांगातल्या सागाच्या,
अजून ठोकल्या की भरीव बोलतात.
दिवाणखान्यात शेकोटी.
बडोद्यात! जिथे थंडी येते
पाहुण्यासारखी, आठ दिवस,
आणि स्वेटरची घडी मोडायच्या आत परत जाते.
ज्याने नकाशा काढला तो इथे कधी आला नसावा.
धुराड्यात आता पारव्यांचा संसार,
खाली विस्तवाच्या जागी सत्त्याऐंशी ते एक्क्याण्णवच्या फायली.
"फायलींना ऊब लागते," इलियास म्हणाला.
मी ते रकान्यात लिहिलं नाही.

खिडक्या टोकदार, समोरच्या चर्चच्या धाकट्या बहिणी.
पण व्हरांड्याच्या ब्रॅकेटांवर
नकाशात गुलाब असणार, विलायती;
सुताराच्या पटाशीला कमळच येत होतं.
कुणी हटकलं नसेल. किंवा हटकलं असेल
आणि त्याने हो हो म्हणत
पुढच्या ब्रॅकेटवर पोपट बसवला असेल.
(पोपट आहे. चोच तुटली आहे. रकाना सहा.)

स्वयंपाकघर बंगल्यापासून एकेचाळीस फूट लांब,
आगीच्या भीतीने, की वासाच्या.
तिथे आता राहतात सुलोचना मॅकवान,
शेवटच्या पाद्रीसाहेबांच्या कन्या, निवृत्त नर्स.
"पप्पा म्हणायचे, प्रभू वेळेवर येतो,
रोटलीच थंड येते."
हसल्या, आणि ते एकेचाळीस फूट
माझ्यासोबत चालत आल्या
भर दुपारी टॉर्च धरून.
सवय, म्हणाल्या. इथे साप निघायचे.

पोर्चच्या पायऱ्या पाच, ध्रांगध्र्याचा दगड,
धारा इतक्या कोऱ्या की बोट कापेल.
इथून बिशप, मडमा, कॅम्पाचा मेजर.
वर्षातून चारदा.

आणि अभ्यासिकेला पूर्वेकडून वेगळं दार.
अडीच फुटी. त्याला एकच पायरी,
मधोमध खोलगट, थाळीसारखी.
पट्टी आडवी ठेवून मोजलं:
सव्वा इंच.
"बाकी सगळे इथून," सुलोचनाबेन म्हणाल्या.
बाप्तिस्मा, लग्न, मूठमाती लिहून घ्यायला.
शिफारशीची चिठ्ठी मागायला, बाजरी मागायला,
नवऱ्याला समजवा म्हणून सांगायला.
पप्पांचं टेबल दारापासून तीन पावलांवर.

टेबल अजून तीन पावलांवरच आहे.
वॉर्ड ऑफिस. जन्म-मरण दाखले, अकरा ते दोन.
रांग पायरीवरून उतरून कडुनिंबापर्यंत.

दोन हजार चौदाच्या ऑगस्टमध्ये
मी त्या रांगेत होते. आईच्या दाखल्याच्या तीन प्रती.
मी, जी इमारतींवर पोट भरते,
कमान पाहिली नाही, कमळ पाहिलं नाही.
एवढंच आठवतं, पायरीवर उभी राहिले
तर चप्पल आपोआप मध्ये सरकत होती
आणि मला वाटलं, माझेच पाय ठरत नाहीयेत.

कंत्राटदार रमणिकभाई म्हणतात, बेन,
ग्रॅनाइट टाकून देऊ, अर्ध्या दिवसाचं काम,
कुणी म्हातारं घसरेल.
खरं आहे. घसरेल.
रकाना आठमध्ये मी 'बदलावी' लिहिलं.
खोडलं.
'कठडा लावावा, डाव्या हाताला' लिहिलं,
आणि उंची रांगेलाच विचारली:
काकी, हात इथे येतो का? की जरा खाली?

इलियासने शून्य सोडलं.
फीत सरसरत डबीत आली,
पायरीची थोडी धूळ घेऊन.