डाव्या हाताचं काम

खोक्यातून निघाली ती एवढीशी वस्तू:
स्टीलची वाटी, मधे चांदणीसारखी जाळी.
ग्लास पालथा घालून दाबला
की खालून पाणी उसळतं.
बाराशे क्राउन.
मी म्हटलं, इतक्यात दोन चांगल्या कढया आल्या असत्या.
ओल्द्रिख काही बोलला नाही.
फेब्रुवारीपासून तो शब्द जपून खर्च करतो,
आणि डावा हात तर अजिबातच नाही.

एकतीस वर्षं ओस्त्राव्यात त्याने बिअर भरली,
पाळी सुटल्यावर
पापण्यांच्या कडांना कोळसा घेऊन आलेल्यांसाठी.
कोरड्या ग्लासात फेस बसत नाही, म्हणायचा,
आणि गार पाण्याने न्हाऊ घातल्याशिवाय
एकही ग्लास त्याने तोटीखाली धरला नाही.
आधी खाण मिटली, मग गुत्ता.
गुत्ता मी म्हणते.
तो अजून 'आमचं दुकान' म्हणतो.

पक्षाघातानंतर ग्लास मी विसळायचे.
तो खिडकीच्या उजेडात धरायचा,
फडक्याचा एखादा धागा शोधून काढायचा
आणि मुकाट्याने ग्लास परत ओट्यावर.
घासायला दोन हात लागतात,
एक धरायला, एक फिरवायला.
सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात
हे कधी मोजावं लागलं नव्हतं.

सिंकला एक जास्तीचं भोक होतं, साबणाच्या पंपासाठी.
पंप आम्ही कधी आणलाच नाही.
टोपणाखाली वीस वर्षं मुकं राहिलेलं ते भोक
त्याने पट्टीने तीनदा मोजलं.
"बसतंय," म्हणाला.

रविवारी प्लंबर कुठला?
आला तो थिएन,
खालच्या व्हिएतनामी दुकानदारीणबाईंचा,
अकरा वर्षांचा, गुडघे खरचटलेला.
ओल्द्रिख सिंकखाली उताणा,
पाय पार फ्रिजपर्यंत,
आणि त्याच्या डाव्या खांद्याला चिकटून तो पोरगा.
"आधी कॉक बंद.
टेप घड्याळाच्या दिशेने. तीन वेढे. चार नको.
आता नट धर, मी पिळतो."
"धरलाय, आजोबा."
उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात.
इथे डावा हात मोठ्यांदा विचारत होता,
वॉशर नटाच्या आधी की नंतर?

पहिल्या खेपेला गळलं.
बादलीत टप, टप,
आणि ओल्द्रिखने शिवी हासडली, पूर्ण, सलग,
एक अक्षर न अडखळता.
बोलायला शिकवणाऱ्या बाईंना हे सांगायला हवं.

दुसऱ्यांदा धरलं.
थिएनने उत्साहात माझी बशीच पालथी घातली जाळीवर:
पाणी थेट छताला, घड्याळाला, माझ्या चष्म्याला.
छतावरचा डाग अजून आहे.
पुसायला मी कुणाला सांगितलेलं नाही.
मग ओल्द्रिखने अर्ध्या लिटरचा जाड मग उतरवला,
पालथा घातला, एका हाताने, दाबला,
एक, दोन, उचलला,
उजेडात धरला, बराच वेळ,
आणि त्यात पोराला लाल सरबत भरून दिलं,
वर फेस असल्यासारखं, काठ पुसून.

रात्री मला जाग आली ती एका आवाजाने,
कुणी हळूच सुस्कारा सोडावा तसा.
दिवा न लावता तो सिंकपाशी उभा होता.
ग्लास नव्हता.
उजव्या हाताने डावा उचलून
त्याने जाळीवर पालथा ठेवला होता आणि वरून दाबत होता.
पाणी तळव्यावर आपटत होतं,
बोटांच्या फटींतून परत वाटीत.
"गार आहे," म्हणाला.
लागलं, की आठवलं,
मी विचारलं नाही.
टॉवेल पुढे केला.
नको, म्हणाला.
धागे राहतात.