कोरे समास

तीस वर्षं मी अँटवर्पमध्ये हिरे निवडले,
उत्तरेच्या खिडकीपाशी, सकाळी दहा ते तीन,
कारण तेवढाच उजेड खोटं बोलत नाही.
आतला डाग शोधायचा, भाव पाडायचा,
एवढीच माझी विद्या.
भिंग अजून तेच आहे. आता ते पोथ्यांवर फिरतं.

जुन्या विक्रेत्यांच्या याद्यांत लिहिलेलं असायचं,
‘प्रत बरी, पण समासांत खरडलेलं आहे’,
आणि किंमत निम्मी.
मी ते खरडलेलंच घेत गेलो.
कोपऱ्याला मेणाचा थेंब, मध्येच कॉफीचं वर्तुळ,
पुठ्ठ्याच्या आत मुलींची नावं आणि जन्मसालं,
एकीच्या नावापुढे नुसतीच रेघ.
ब्रायना म्हणायची,
हिऱ्यात डाग दिसला की तोंड वाकडं करतोस
आणि कागदावर दिसला की उसने पैसे आणतोस.

झेलिगचं दुकान रेल्वेच्या कमानीखाली.
वरून गाडी गेली की फळीवरचे खंड
एकमेकांच्या कानाला लागतात.
मागच्या हिवाळ्यात त्याने एक पुढे सरकवला:
पाठीचं कातडं सुटलेलं,
कसरीने पहिल्या पानापासून शेवटापर्यंत
बारीक बोगदा नेलेला,
वाटेत एकाही शब्दापाशी न थांबता.
मोराव्हियाकडचा, म्हणाला. मालकाचं नाव नाही.

नाव असणारही. बांधणाऱ्याची सुरी
सगळ्याच कडांवरून फिरली होती.
ओळी अर्ध्यातूनच सुरू होत,
‘...असं म्हणता येणार नाही.’
‘...यावर गुरुजी हसले आणि चहा मागवला.’
कशावर हसले, ते
बांधणाऱ्याच्या केरात गेलं.
शाई तपकिरी, अक्षर मोहरीएवढं,
आणि जिथे उलगडा झाला नाही
तिथे खाली फक्त दोन अक्षरं,
म्हणजे, अजून विचार हवा.
एकतीस ठिकाणी.
इतक्यांदा ‘कळलं नाही’ म्हणणारा माणूस
आमच्या बाजारात मला भेटला नाही.

आणि मग चाळिसाव्या पानापासून
सात पानं कोरी.
झेलिगने ती स्वतःच दाखवली, धंद्यात तो सरळ आहे,
आणि त्यांचे पन्नास युरो सोडले.
हातात हात दिला, ‘मझाल’ म्हणालो,
व्यवहार पुरा.

रात्री घरी वार जुळवत बसलो.
काही टिपांखाली त्याने वार घातला होता.
रोज एक पान, म्हणजे चार जण जमून वाचत असणार;
शनिवारची टीप घाईची,
आकाशात तारे दिसल्यावर लिहिलेली.
एकोणचाळिसाव्या पानावर मंगळवार.
सत्तेचाळिसाव्यावर बुधवार.
मधले सात दिवस मंडळी वाचत पुढे गेली
आणि हा नव्हता.

आमच्यात घरचं कुणी गेलं
की सात दिवस जमिनीलगत बसतात,
आरशांवर चादरी टाकतात,
आणि पोथी उघडत नाहीत,
कारण पोथीने मन आनंदतं.

झेलिगला फोन केला.
तो म्हणाला, जत्रेला गेला असेल रे, माल विकायला.
किंवा ताप आला असेल.
असेल.
पन्नास युरो मी परत केले नाहीत.
परत करायला कारण काय सांगणार होतो?

मार्चात माझा भाऊ ओझेर गेला.
बुटक्या स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन
मी सात दिवस लोकांची उकडलेली अंडी खाल्ली.
कपाटाकडे पाठ होती.
आठव्या सकाळी कातडी बूट घातले,
दाढी तशीच, खिडकीपाशी गेलो,
उत्तरेचा उजेड यायची वाट पाहिली
आणि सत्तेचाळिसावं पान उघडलं.

अक्षर जरासं मोठं झालं होतं.
सुरी इथे कडेपर्यंत पोचली नव्हती,
वाक्य अख्खं होतं,
‘दाराची उंची मोजताना
उंबरा धरायचा की नाही?’
आणि खाली ती दोन अक्षरं.